एक कॅमेरा पुरत असताना चार कशाला? फिल्म कॅमेऱ्यांना कामं वाटून देण्याची रीत

फिल्म कॅमेऱ्यात एकदा रोल भरला की तो कॅमेरा त्या रोलचा होतो. ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते त्याचा आकडा) कृष्णधवल रोल भरलात, तर छत्तीस फोटो होईपर्यंत तो कॅमेरा कृष्णधवल आणि ४००चाच. डिजिटलमध्ये हे बटणावर बदलतं, फिल्ममध्ये बदलत नाही. दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेण्याचं सगळ्यात सच्चं कारण हेच. 'स्वस्तात मिळाला', 'दिसायला देखणा आहे', 'पुढे भाव येईल' ही कारणं घरच्यांसमोर टिकत नाहीत आणि टिकूही नयेत. बुरशी चढलेल्या, शटर अडकलेल्या कॅमेऱ्याला कसला भाव येणार?

कॅमेरे मोजण्याआधी रोल मोजा. वर्षाला किती रोल विकत घेणं आणि धुऊन-स्कॅन करून घेणं झेपतं, तो आकडा आधी ठरवा. समजा वीस. मग कॅमेरे दोन असोत की पाच, रोल वीसच. घरातला निम्मा वाद इथेच मिटतो, कारण कॅमेरा एकदाच पैसे मागतो आणि रोल दर वेळी मागतो. आता वहीचं एक पान घ्या. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे फिल्मचा आकार, लेन्स, शटरचा सर्वांत जास्त वेग, सेल कोणता आणि सेलशिवाय शटर चालतं का, एवढं लिहा. शेवटच्या रकान्यात त्याचं काम एका वाक्यात. दोन कॅमेऱ्यांपुढे तेच वाक्य आलं तर त्यातला एक जास्तीचा आहे.

एकसारख्या दोन बॉडी कधी लागतात

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो, तो तुमच्यासमोरून जायला काही क्षणच लागतात. पाठोपाठ टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. पहिल्या दृश्याला दूरचं जवळ आणणारी १३५ मिमीची लेन्स लागते, दुसऱ्याला जवळून सगळं मावणारी २८ किंवा ३५. मधल्या वेळात धुळीत आणि भुरभुर पावसात लेन्स बदलायला गेलात तर दोन्ही हुकतं, वर आरशाच्या पेटीत माती जाते ती वेगळीच. आणि छत्तिसावा फोटो हमखास अश्व दिसू लागताच संपतो.

अशा कामाला एकाच माउंटच्या (लेन्स अडकवायच्या खाचेच्या) दोन बॉडी घ्या, म्हणजे लेन्स दोन्हींवर बसतात. दोन्हींत रोलही एकाच प्रकारचा ठेवा. ढगाळ हवेत ४०० आयएसओला साधारण १/५०० सेकंदाच्या शटरला एफ/५.६ मिळतं (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). अश्व आडवा जात असेल तर १/१००० हवं, म्हणजे एफ/४. १३५ची साधी एफ/३.५ लेन्सही त्यात बसते. अश्व दिसण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांचे आकडे बघा. तिशी ओलांडलेला रोल सरळ गुंडाळून नवा भरा. पाच-सहा फोटो वाया गेल्याची हळहळ करू नका.

या दोनांपैकी एक तरी बॉडी सेलशिवाय चालणारी असावी. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० मध्ये सेल फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला लागतो, शटर पूर्ण यांत्रिक आहे. कॅनन एई-१ चा ६ व्होल्टचा सेल संपला की शटरच उघडत नाही. तो सेल वाटेतल्या गावात मिळेल या भरवशावर राहू नका.

वेगळ्या रोलसाठी वेगळी बॉडी

कास पठारावर फुलांचे दिवस साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. सकाळी धुकं, दुपारी कधी कडक ऊन. इथे एक हिशोब नीट बघण्यासारखा आहे. भर उन्हात एफ/१६ ला शटर साधारण आयएसओच्या आकड्याइतकं लागतं. १०० चा रोल असेल तर १/१२५ ला एफ/१६. फुलामागचं सगळं धूसर करायला एफ/२.८ हवं, म्हणजे पाच स्टॉप उघडायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे शटर १/४०००. एफएम२ तिथे बरोबर पोचतो. के१००० चं शटर १/१००० ला संपतं, त्यामुळे एफ/५.६ च्या पुढे उघडता येत नाही. आणि ४०० चा रोल असेल तर १/१६००० लागेल, जे या दोन्हींत नाही. म्हणून धुक्याला ४०० ची बॉडी आणि उन्हाला १०० ची, ही वाटणी रास्त आहे. सोनकीच्या एका फुलाजवळ जायला एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावली तर मूळ आकाराइतक्या प्रतिमेला दोन स्टॉप उजेड कमी होतो, तोही धरा.

उजेड कमी पडला म्हणून ४०० चा रोल १६०० वर ओढायचा (म्हणजे १६०० चा समजून वापरायचा आणि जास्त वेळ धुवायचा) असेल तर तो अख्खाच ओढावा लागतो, कारण धुण्याचा वेळ सगळ्या रोलला एकच असतो. संध्याकाळच्या कीर्तनाला आणि दुपारच्या बाजाराला एकच रोल म्हणूनच चालत नाही.

पण खरं सांगायचं तर दिवसातून एकदाच रोल बदलायचा असेल तर दुसरी बॉडी लागत नाही. कितवा फोटो आहे ते लिहून घ्या आणि कॅमेऱ्याच्या तळाचं बटण दाबून सावकाश गुंडाळा. टोक सुटल्याचा 'टक्' जाणवला की लगेच थांबा, म्हणजे फिल्मची जीभ कॅसेटबाहेर राहते. तिच्यावर पेनने आकडा घाला. पुन्हा त्याच कॅमेऱ्यात भरताना लेन्सला झाकण, एफ/२२, सर्वांत जलद शटर, आणि लिहिलेल्या आकड्याच्या दोन पुढे जाईपर्यंत बटण दाबत फिल्म पुढे सरकवायची कडी मारत राहा. रोल दुसऱ्या कॅमेऱ्यात भरलात तर फोटोंच्या जागा सरकतात आणि एकावर एक चढतात. धुक्यात पाठ उघडू नका, फिल्मवर आणि तिला सपाट दाबणाऱ्या प्रेशर प्लेटवर दव धरतं.

मोठी निगेटिव्ह

१२० नावाच्या रुंद रोलच्या ६×६ सेंमी निगेटिव्हचं क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या साडेतीन पटींहून जास्त भरतं. रोज खिशात ठेवायला हा कॅमेरा निरुपयोगी, बारा फोटोंत रोल संपतो. पण साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर समोर असेल तर त्याला तोड नाही. अठराव्या शतकातली ही अष्टकोनी दगडी विहीर चौकोनी फ्रेममध्ये जितकी सुबक बसते तितकी आडव्या फ्रेममध्ये बसत नाही. यशिका मॅट-१२४जी सारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात हलणारा आरसा नाही. शटर लेन्समध्येच असल्याने ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदालाही धक्का जाणवत नाही. वरून बघताना डावं-उजवं उलट दिसतं, त्याची सवय आधी घरी करा. खालच्या काळोखात वेळ एका सेकंदाच्या पुढे गेला की फिल्मची संवेदना मंदावते. इलफर्ड एचपी५ प्लसला मीटरने १० सेकंद सांगितले तर सुमारे २० द्या.

तोच कॅमेरा कासच्या फुलांना मात्र चालत नाही. साधारण एक मीटरच्या आत फोकस होत नाही, आणि बघायची लेन्स वर, फोटोची खाली असल्याने फूल फ्रेमबाहेर जातं. वाटणी म्हणतात ती अशी: एकाची उणीव दुसऱ्याचं काम ठरते.

रोजच्यासाठी ऑलिंपस ट्रिप ३५ सारखा छोटा कॅमेरा पुरे. साताऱ्याच्या मोती चौकात पिशवीसोबत हातात राहतो आणि सेल लागत नाही. विकत घेताना लेन्सभोवतीचा सेलेनियमचा पट्टा (उजेड तोच मोजतो) हाताने झाकून बटण दाबा. लाल पट्टी वर येऊन शटर अडलं पाहिजे. उजेडाकडे धरूनही लाल पट्टी येत असेल तर मीटर मेलेला आहे, घेऊ नका.

आजोबांचा आग्फा क्लिक थ्री घरात असेल तर त्याला ओढूनताणून काम देऊ नका. तो आठवण म्हणून ठेवा, मानाने ठेवा, पण या पानावर मोजू नका. एफ/१.८ ची लेन्स आहे म्हणून एफ/१.४ ची, किंवा काळी बॉडी आहे म्हणून चंदेरी, याला मात्र समर्थन नाही. तेच पैसे आहे त्या कॅमेऱ्याच्या सर्व्हिसिंगला लावा.

जास्त कॅमेरे म्हणजे जास्त राखण

साताऱ्याचा पावसाळा लेन्सचा वैरी आहे. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० मध्ये राहू द्या. दहा लिटरच्या डब्याला १५० ग्रॅम जेल पुरतं. रंग बदलला की जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या तव्यावर मंद आचेवर परतून सुकवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते घरात टाळलेलं बरं.

महिन्यातून एकदा प्रत्येक रिकाम्या कॅमेऱ्याचं शटर सगळ्या वेगांवर चालवा. एक सेकंद ते १/१५ हे वेग आधी अडतात, कारण त्यांची दातेरी चक्रं जुन्या ग्रीसने जड होतात. पाठीच्या खाचेतला काळा फोम पाझरलेल्या गुळासारखा चिकट झाला असेल तर लाकडी काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि काळी लोकर बसवा. तसाच ठेवलात तर रोलवर केशरी पट्टे येतात. के१००० ला मीटर बंद करायची सोय नाही, म्हणून लेन्सवर झाकण ठेवा, नाहीतर सेल संपतो. ऑलिंपस ओएम-१ चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनला होता. १.५ चा घातला तर तो उजेड जास्त दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी येते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा १.४ व्होल्टचा सेल, बाजूने रबराची रिंग घालून, बरोबर चालतो. स्टिकर काढल्यावर महिना-दोन महिने टिकतो.

तीन-चार कॅमेरे झाले की सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे आत काय आहे हेच विसरणं. पाठीवर मास्किंग टेप लावा: फिल्मचं नाव, कोणत्या आयएसओवर चाललाय, भरल्याची तारीख. पाठ उघडण्याआधी गुंडाळायची कडी हलकेच उजवीकडे फिरवा. अडली तर आत रोल आहे.

टेपवरची तारीख आणखी एका कामाची आहे. सहा महिने उलटूनही तोच रोल आत असेल तर वहीतलं त्या कॅमेऱ्याचं वाक्य पुन्हा वाचा. वर्षभरात दोन रोलही झाले नसतील, तर बुरशी चढायच्या आत, म्हणजे मे महिन्यातच, तो विकून टाका.