करणं शिकायचीत? आधी टाच बघा

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. नऊ वर्षं भरतनाट्यम केल्यावर करणं, म्हणजे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या नृत्ताच्या हालचाली, शिकायची हौस आली आणि मी नेमकी उलट्या टोकाने सुरुवात केली, म्हणून हे लिहितेय. तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या गोपुरावरच्या मूर्तींचे फोटो मोबाईलवर सेव्ह केले, त्यातलं वृश्चिक, मागून पाय विंचवाच्या नांगीसारखा वर, ते आरशासमोर करायला गेले, कंबर धरली, महिनाभर क्लास बंद. आई म्हणाली, दगडाची नक्कल केलीस, आता दगडासारखी पडून राहा.

करण म्हणजे पोझ नाही हो. 'हस्तपादसमायोगो नृत्तस्य करणं भवेत्' असं नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायातच आहे, म्हणजे हातपाय मिळून झालेली हालचाल. मूर्तीत त्यातला एकच क्षण असतो, पाय कुठून आला नि पुढे कुठे गेला ते दगड सांगत नाही. भरतनाट्यम नर्तिका पद्मा सुब्रह्मण्यम यांनी श्लोक आणि शिल्प शेजारी ठेवून ते शोधलं, म्हणून आज 108 करणं हलताना बघायला तरी मिळतात.

आमच्या क्लासच्या ताईंनी पहिले तीन महिने एकही करण दिलं नाही. नुसती स्थानं, म्हणजे उभं राहायच्या ठरलेल्या पद्धती, आणि चारी, म्हणजे पायांच्या हालचाली. चारी एकूण 32, त्यातल्या 16 भौमी, जमिनीलगतच्या, आणि 16 आकाशिकी, ज्यात पाय उचलावा लागतो. स्थानांत दोन पायांमधलं अंतर तालात मोजतात, हा ताल तबल्यातला नाही, साधारण एक वीत धरा. वैष्णव नावाच्या स्थानात अडीच, मंडलात चार, आलीढात पाच. मी स्वतःच्या वितीने मोजून गच्चीवर खडूने खुणा केल्या होत्या, शेजारच्या काकूंना वाटलं लंगडीचं घर आखलंय. भरतनाट्यमवाल्यांची गोची इथेच होते, अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्यात, टाचा जवळ ठेवायची सवय आणि इथे पाय एवढे लांब, मग गुडघा बोटांच्या रेषेत न राहता आत पडतो नि संध्याकाळी ठणकतो. बडोदेकरांचं अजून एक, नऊ रात्री गरबा खेळलेल्या पायांना थांबणं माहीतच नसतं.

मग पहिलं करण, तलपुष्पपुट. डाव्या बाजूला पुष्पपुट हात, म्हणजे फुलं धरल्यासारखी ओंजळ, पाय अग्रतलसंचर म्हणजे टाच वर नि अंगठा पुढे, आणि कूस झुकलेली. वाचायला एक ओळ, मला तीन आठवडे लागले कारण कूस झुकवली की टाच खाली टेकायचीच. अंगहारांच्या नादाला इतक्यात लागू नका, ते करणांच्याच माळा असतात.

वाचायचं म्हणाल तर नाट्यशास्त्र अभिनवगुप्तांच्या जुन्या संस्कृत भाष्यासकट आपल्याच बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये निघालंय, पहिला खंड 1926 चा. फक्त नोट्स काढताना आवृत्ती लिहून ठेवा, चारीचा अध्याय यात दहावा आहे आणि मनमोहन घोषांच्या इंग्रजी भाषांतरात अकरावा. मी नव्हती लिहिली, अख्खी वही परत केली.

आणि प्रॅक्टिसचा व्हिडिओ बाजूने काढा, समोरून टाच दिसत नाही.