मेनोपॉजमधल्या गरम वाफांसाठी सोयाबीन: किती घ्यायचं, कसं शिजवायचं

सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन्स (वनस्पतीतली एक प्रकारची द्रव्यं) काहीशी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी वागतात, पण त्यांचा जोर फार कमी असतो. रोज पुरेशा प्रमाणात घेतली तर अंगातून वाफा येणं, दरदरून घाम सुटणं थोडं कमी होऊ शकतं. योनीचा कोरडेपणा आणि हाडांची झीज यांसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका.

संशोधनात साधारणपणे दिवसाला ४० ते ८० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन्स वापरली गेली आहेत. ३० ग्रॅम कोरडं सोयाबीन शिजवून खाल्लं, की ४०च्या आसपास मिळतात. १०० ग्रॅम टोफू किंवा पाव लिटर सोयादूध यांतून साधारण २५. सोयाबीन तेलात जवळजवळ काहीच नसतं.

किलोभर गव्हात १०० ग्रॅम सोयाबीन घालून दळून आणायची पद्धत घरोघरी आहे. पण चार पोळ्यांतून जेमतेम ११ ग्रॅम सोयाबीन पोटात जातं, म्हणजे पंधराएक मिलिग्रॅम. पोळी चालू ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. शिवाय दळणात घालायचं सोयाबीन आधी वीसेक मिनिटं उकळून कडकडीत वाळवायला हवं. कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं पाचक द्रव्य) रोखणारा घटक प्रथिनं पचू देत नाही, आणि पोट फुगतं.

उसळीसाठी दाणे रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेकून द्या. सोयाबीनला फेस फार येतो आणि सालं सुटून शिट्टीत अडकतात, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला. पाच-सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर १० मिनिटं. दाणा बोटांनी सहज चिरडला गेला पाहिजे. कच्चट वास राहिला, तर बहुधा शिजणं कमी पडलेलं असतं. पहिला आठवडा निम्मंच प्रमाण घ्या.

जवसात लिग्नान्स असतात, हीसुद्धा इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती वनस्पतिद्रव्यं. चटणी किंवा ताजी पूड, रोज एक-दोन मोठे चमचे, बरोबर भरपूर पाणी. अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात; पूड उघडी राहिली तर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच करून फ्रिजमध्ये ठेवा. वाफांवर जवसाचा उपयोग ठामपणे दिसलेला नाही. बद्धकोष्ठता आणि कोलेस्टेरॉलसाठी मात्र ते चांगलं.

सुरू करण्याआधी आठवडाभर वहीत रोजच्या वाफा मोजून लिहा, नाहीतर फरक पडला की नाही हे कळणारच नाही. निकाल १२ आठवड्यांनी बघा. डेडझीनचं इक्वॉल (इस्ट्रोजेनसारखं जास्त जोराने वागणारं द्रव्य) करणारे जिवाणू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात. सारखं खाऊनही एकीला गुण येतो आणि दुसरीला येत नाही, याचं एक संभाव्य कारण हेच.

थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) चालू असेल, तर आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोतच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी ‘सोयाबीनची उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका, लगेच तपासून घ्या. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर सोयाबीनवर वेळ घालवू नका. तिथे सहसा हार्मोन उपचारच लागतात.

१२ आठवड्यांनंतरही वहीतला आकडा तेवढाच असेल आणि झोप मोडतच असेल, तर वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. वाफांवर सर्वांत परिणामकारक उपाय हार्मोन उपचार आहे, आणि तो साठीच्या आत व पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलेला बरा.