आधी कोणतं कर्ज फेडायचं? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांच्या डोक्यावर येतानाच शैक्षणिक कर्ज असतं. आईबाबांनी घर किंवा मुदत ठेव तारण ठेवलेली असते, बाबा सहकर्जदार असतात. मग पहिली नोकरी लागली की एकच ध्यास लागतो: घर सोडवायचं. त्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण इथे बरीच वर्षं काढल्यावर आणि अनेकांचे हिशेब त्यांच्या शेजारी बसून पाहिल्यावर मी ठामपणे सांगते, की ज्या कर्जाची लाज किंवा काळजी जास्त वाटते ते आधी फेडू नका. जे जास्त महाग आहे ते आधी फेडा.

महाग बहुतेक वेळा इथलं क्रेडिट कार्ड असतं. पहिल्या सेमिस्टरमध्ये गादी, लॅपटॉप, घराचं डिपॉझिट, विमानाचं तिकीट असं करत कार्डावर 3,000 डॉलर कधी साठतात ते कळत नाही. कार्डाचं व्याज वर्षाला 20 टक्क्यांच्या वर असणं इथे नेहमीचं आहे. 24 टक्के धरले तर 3,000 डॉलरवर महिन्याला 60 डॉलर नुसतं व्याज. मिनिमम पेमेंट बहुधा ‘व्याज अधिक मुद्दलाचा 1 टक्का’ असं काढतात, म्हणजे तुम्ही 90 डॉलर भरले तरी मुद्दल फक्त 30 डॉलरने उतरतं. 2009 च्या कार्ड कायद्यामुळे प्रत्येक स्टेटमेंटवर एक चौकट छापावी लागते: फक्त मिनिमम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती वर्षं लागतील आणि एकूण किती पैसे जातील. ती चौकट आजच वाचा.

आता तुलना करा. हातात 1,000 डॉलर शिल्लक आहेत. ते कार्डात भरले तर वर्षाला साधारण 240 डॉलर व्याज वाचतं. तेच भारतातल्या साडेदहा टक्क्यांच्या कर्जात भरले तर सुमारे 105 डॉलरएवढं वाचतं. शिवाय ते कर्ज रुपयांत आहे आणि तुमचा पगार डॉलरमध्ये. 2010 च्या सुमारास एका डॉलरला 45-46 रुपये मिळायचे, 2020 मध्ये 74 च्या आसपास. पुढेही असंच होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण आजवर रुपयातल्या कर्जाचं ओझं डॉलर कमावणाऱ्याला वर्षागणिक थोडं हलकं होत गेलं आहे. कार्डाच्या कर्जाला असा कोणताच दिलासा नाही.

कार्डाची आणखी एक गोष्ट नव्या लोकांना कोणी सांगत नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरलं तर नव्या खरेदीवर व्याज लागत नाही. पण थोडी जरी बाकी मागे ठेवली तर ही सवलत सहसा जाते आणि पुढची प्रत्येक खरेदी पहिल्या दिवसापासून व्याज खाते. म्हणून बाकी असलेलं कार्ड वापरणं थांबवा, रोजचा खर्च डेबिट कार्डावर आणा. फर्निचरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘पूर्ण फेडल्यास 12 महिने व्याज नाही’ असं कार्ड देतात, तिथेही ‘पूर्ण फेडल्यास’ हे शब्द नीट वाचा. शेवटी थोडे पैसे राहिले तरी खरेदीच्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लावलं जातं.

कार्ड संपलं की लगेच भारतात मोठी रक्कम पाठवायची का? नाही. आधी इथल्या बचत खात्यात गंगाजळी उभी करा, आणि यावर माझा सगळ्यात जास्त आग्रह आहे. कारण आपलं इथलं राहणं व्हिसावर आहे. पहिल्या ओपीटीत, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या मुभेत, बेकारीचे एकूण 90 दिवस मिळतात. स्टेम एक्स्टेंशन, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी ओपीटीची वाढीव मुदत, मिळाल्यावर आणखी 60. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस. त्या दिवसांत भाडं, विमा, गाडीचा हप्ता आणि भारतातला ईएमआय, सगळं चालूच राहतं. कर्जात भरलेले पैसे बँक अडचणीच्या वेळी परत देत नाही. किमान तीन महिन्यांचा खर्च, त्यात भारतातले तीन हप्ते धरून, बाजूला असू द्या. अशी शिल्लक नसलेला माणूस नोकरी गेल्यावर पुन्हा कार्डावरच जगतो आणि पहिल्या पायरीवर येतो.

याचा अर्थ भारतातला हप्ता चुकवायचा असा अजिबात नाही. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत जातं, आणि सहकर्जदार म्हणून बाबांचा सिबिल स्कोअर, म्हणजे भारतातला पतगुणांकही पडतो. भारतातल्या खात्यात दोन-तीन हप्त्यांएवढे पैसे कायम ठेवा आणि हप्ता आपोआप जावा म्हणून बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. शिकत असाल तर मोरेटोरियमकडे, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळाकडे, दुर्लक्ष करू नका. हप्ता सुरू नसला तरी व्याज चालू असतं. 30 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी वर्षाला 3 लाख 15 हजार होतात, आणि हे साचलेलं व्याज पुढे मुद्दलात मिळवलं जातं. कॅम्पसवरच्या आठवड्याला 20 तासांच्या कामातून महिन्याला थोडं व्याज भरता आलं तरी पुढचा हप्ता हलका होतो. काही बँका शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला दरात सवलतही देतात, शाखेत विचारा.

गंगाजळी झाली की मग खुशाल मोठ्या रकमा पाठवा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी परतफेड केली तर दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला लेखी सांगा, व्याज त्यातच जास्त वाचतं. पैसे पाठवताना ‘फी शून्य’ या जाहिरातीपेक्षा डॉलरला प्रत्यक्ष किती रुपये हातात पडतात ते पाहा, कारण सेवेचा नफा बहुधा दरातच दडलेला असतो.

इथला क्रेडिट स्कोअर 300 ते 850 असतो आणि तुमचा तो शून्यापासून घडतो. भारतातला सिबिल इथे सहसा धरत नाहीत. 200-300 डॉलर डिपॉझिटचं सिक्युअर्ड कार्ड, म्हणजे बँकेकडे अनामत ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड, घ्या, त्यावर एखादं छोटं मासिक बिल लावा आणि ऑटो-पेने पूर्ण फेडा. फिको या इथल्या प्रचलित स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याला 35 टक्के आणि एकूण थकबाकीला 30 टक्के वजन असतं. स्कोअर वाढावा म्हणून बाकी ठेवावी लागते, असं मित्र सांगतील. ते खोटं आहे. गाडीसाठी कर्ज लागलंच तर डीलरकडे जाण्याआधी क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत, विचारा. फेडरल क्रेडिट युनियनला 18 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही.

रुग्णालयाचं बिल आलं तर घाबरून ते कार्डावर टाकू नका. बाबवार बिल मागा आणि तपासा. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यासाठी अर्ज करा. बिनव्याजी हप्तेही अनेक ठिकाणी मिळतात, पण बिल कार्डावर गेलं की ते कार्डाचं कर्ज होऊन बसतं.

आणि कोणी आधीच तीन-चार कार्डांत अडकलं असेल, तर ‘तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊ नका. त्या बऱ्याचदा हप्ते थांबवायला सांगतात, आणि 30 दिवसांहून उशीर झालेली नोंद क्रेडिट अहवालात 7 वर्षं राहते. त्याऐवजी ना-नफा क्रेडिट काउन्सेलिंग संस्थेला फोन करा. पहिला सल्ला बहुधा मोफत किंवा अगदी कमी खर्चात मिळतो, आणि कार्ड कंपन्यांशी बोलून व्याज खाली आणून तीन ते पाच वर्षांची परतफेड त्या ठरवून देतात. फोन करताना सगळी स्टेटमेंट्स आणि पे-स्टब (पगाराची पावती) समोर ठेवा, आणि भारतातल्या कर्जाचा हप्ताही त्यांना सांगा. तो इथल्या क्रेडिट अहवालात दिसत नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाही तर ठरलेला मासिक आकडा तुम्हाला झेपणार नाही.