सर मारत असतील, टाकून बोलत असतील तर

पोरांनो, मी तासगावकडची. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून काम करते, म्हणून सांगते. सर मारत असतील किंवा वर्गापुढं जातीवरून, घरच्या गरिबीवरून टाकून बोलत असतील, तर आधी घरी सांगा. 'तूच काहीतरी केलं असशील' असं आई म्हणाली तर आत्याला, आजीला सांगा, पण गप्प बसू नका.

त्याच संध्याकाळी वहीत लिहा: तारीख, तास कुठला, सर नेमकं काय बोलले, शेजारी कोण बसलं होतं. वळ उठला असेल तर फोटो काढा, सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. नुसतं 'सर त्रास देतात' म्हटलं की लोक टोलवतात, मी बघितलंय.

मग पालकांच्या सहीचा अर्ज मुख्याध्यापकांना द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं मारायला आणि मानसिक छळाला, दोन्हीला बंदी आहे, तेही त्यात लिहा. दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, पुढं सांगलीला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी.

नको तिथं हात लावला असेल तर मात्र अर्ज-बिर्ज करत बसू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिला फोन करा, फुकट लागतो, नाहीतर घरच्यांना घेऊन थेट पोलिसात जा.