डिसेंबरच्या पातळ बर्फावर जाण्याआधी

सातारा-सांगलीकडचे ग्रुप नोव्हेंबर-डिसेंबरात केदारकांठा किंवा मनालीकडे निघाले, की ‘अजून बर्फ कमीच आहे, हिमस्खलनाची भीती नाही’ असं हमखास ऐकायला मिळतं. खरं तर बर्फ पातळ असतो म्हणूनच त्याचा तळ कच्चा राहतो. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीच्या द्रौपदी का डांडावर हिमस्खलनात 25 हून जास्त जण गेले, तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं, वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री खूप थंड होतो. दर 10 सेंटिमीटरला साधारण 1 अंशाहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकते आणि तळाच्या बर्फाचे खडीसाखरेसारखे सुटे दाणे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर हे जास्त. पुढचा बर्फ यावर घट्ट स्लॅब, म्हणजे एकसंध लादी, होऊन बसतो आणि एका माणसाच्या वजनानेही सुटू शकतो.

बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, 38 च्या आसपास सर्वांत जास्त. हा कोन ओळखायला घरूनच शिका. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर काठी उताराच्या दिशेने जमिनीला टेकवून आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून अँगल मीटर बघा. आधी डोळ्याने अंदाज, मग मोजमाप. नजर किती चुकते ते तिथेच कळेल. आणि पायवाट सपाट असली तरी डोक्यावरचा उतार मोजायचाच, कारण सुटलेला बर्फ खालीच येणार.

निघायच्या दिवशी चंडीगडच्या डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणारी डीआरडीओची संस्था) बुलेटिन वाचा. वाटेत 24 तासांत 30 सेंटिमीटर नवा बर्फ, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज, बुटापासून पळणारी भेग, शेजारच्या उतारावर ताजं स्खलन, यांतलं काहीही दिसलं तर तीव्र उतार सोडा. वाऱ्याचं विसरू नका: हिमवर्षाव नसतानाही वारा एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगावर रचतो.

शंका असेल तर तशाच दिशेच्या, पण सुरक्षित उतारावर बर्फ खणून त्याचाच 30 बाय 30 सेंटिमीटरचा खांब मोकळा करा. वर फावडं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 थापा मारा. मनगटाच्या थापांतच सपाट थर सटकला तर मागे फिरा. खांब टिकला म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो.

उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. बीकन (गाडलेल्याची जागा शोधायला मदत करणारं रेडिओ यंत्र), किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवं, लीडरकडे एक संच असून भागत नाही. गाडलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, नंतर शक्यता झपाट्याने घटते. बाहेरची मदत इतक्यात पोचत नाही. बीकन सॅकमध्ये न टाकता जॅकेटच्या आत बांधा, सकाळी निघतानाच सगळ्यांचे तपासा, आणि मोबाइल त्यापासून 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना 50.