एमबीए प्रवेशाच्या दोन-तीन ऑफर हातात असतील तर

माहितीपत्रकातलं ‘सर्वोच्च पॅकेज’ विसरा, ते एखाद-दुसऱ्याचं असतं. सरासरीही मोजक्या मोठ्या पगारांनी फुगते. बघायचा तो मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी) व्यवस्थापन यादीसाठी संस्थेने भरलेली माहिती खुली असते: उत्तीर्ण किती, नोकरी लागलेले किती, मध्यक पगार किती. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगताना प्लेसमेंटसाठी नोंदणी न केलेली मुलं बरेचदा हिशोबातूनच वगळतात. म्हणून टक्केवारी उत्तीर्णांच्या संख्येवर स्वतः काढा. फायनान्स घेणार असाल तर दुसऱ्या वर्षाच्या फायनान्सच्याच मुलांना विचारा, कोणत्या कंपन्या खरंच आल्या आणि कोणत्या पदांसाठी. ‘मॅनेजर’ नावाखाली निव्वळ विक्रीची कामंही असतात.

कर्ज १० लाख, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं, तर हप्ता साधारण १३,२०० रुपये. शिकत असताना व्याज चढतंच. न भरल्यास मुद्दलात मिळतं आणि हप्ता वाढतो. हप्त्याची तुलना हातात येणाऱ्या पगाराशी करा, सीटीसीशी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) नको.

जागा अडवून ठेवायला फी भरलीच असेल, तर अभ्यासक्रम सुरू होण्याआधी लेखी माघार घ्या. एआयसीटीईच्या (तंत्र व व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) नियमानुसार तिची मान्यता असलेल्या संस्थेने जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत द्यायची असते. पोच मात्र घ्या.