जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडून एकच विचारणा: "लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, लिनक्स टाकू काय?" जरूर टाका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम; सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर तिचा मिंट हा प्रकार छान चालतो, असलं मशीन भंगारात देऊ नका. पण पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून लगेच 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका.

सगळ्यात जास्त घरं इन्स्टॉल करतानाच्या 'इरेज डिस्क' या पर्यायानं बुडवली आहेत. निपाणीजवळचा डिप्लोमाचा एक पोरगा. त्याला आधीच विचारलं होतं, बॅकअप घेतलास का? म्हणाला, "दादा, माझं सगळं डी ड्राइव्हला हाय की वो. सी तेवढाच फॉरमॅट हुतोय." सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग, आणि 'इरेज डिस्क' अख्खी डिस्क पुसतं. संध्याकाळी फोन आला तेव्हा मिंट व्यवस्थित सुरू होतं, पण वडिलांच्या दुकानाचा टॅलीचा डेटा आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले होते. जुनी हार्ड डिस्क असती तर रिकव्हरीनं थोडं तरी हाती लागलं असतं. एसएसडीत फॉरमॅट होतानाच सहसा ट्रिम चालतं, म्हणजे जुना डेटा आतूनच साफ होतो, मग बहुतेक काही उरत नाही. त्या पोराच्या माऊलीला हे फोनवर सांगताना माझा आवाज फुटेना.

माझी पद्धत ठरलेली आहे. डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यातल्या चार फायली उघडून बघायच्या आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवायचा. लावलेला राहिला तर डिस्कच्या यादीत तोही दिसतो, आणि घाईत बोट चुकतंच.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू असतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग बदलली, तर निळा पडदा ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतो. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खानापूरच्या एका ताईंचं खातं दुकानदारानं स्वतःच्या ईमेलवर काढलेलं, आणि तो ईमेल त्यालाही आठवेना. बायोसला हात लावायच्या आधी ही 'रिकव्हरी की' वहीत उतरवा. मोबाइलच्या फोटोवर माझा भरवसा नाही.

लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून मशीन त्यावरून सुरू होत नाही. रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं लिहा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. डाउनलोडचा चेकसम (फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारा साइटवरचा कोड) जुळवा, गावाकडच्या नेटवर फाइल अर्धवट उतरते.

इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून, वायफाय आणि आवाज तपासा. हे टाळणाऱ्यांचेच फोन रात्री येतात.

पावसाळ्यात चार्जर लावून, बॅटरी पूर्ण भरूनच बसा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

इन्स्टॉल करताना कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, नाहीतर पासवर्ड भलत्याच लिपीत पडतो आणि लॉगिन अडतं. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, ते नंतर सेटिंगमधून जोडा.

विंडोजही ठेवलंत आणि घड्याळ साडेपाच तास चुकायला लागलं, तर बोर्डावरचा सेल बदलायला पळू नका. लिनक्स मशीनची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक. लिनक्सलाही स्थानिक वेळ धरायला लावा, काम झालं.